डावा हात

फोंड्याच्या माटोळी बाजारात
सुपारीचं शिपटं घेतलं, आंबाडे घेतले,
आणि मातीच्या ढिगाशी थांबले.
कुंभारणीला वाटलं, मला कुंडी हवी.
घुमट म्हटल्यावर तिनं विचारलं, "पुताक?"
नाही, मला.
ती हसली नाही. एक उचललं, कानाशी नेलं, ठेवलं.
दुसरंही ठेवलं.
तिसऱ्याला टिचकी मारून म्हणाली,
"हें व्हर. हें आयकता."

लग्न होऊन शिरोड्याला आले तेव्हापासून
अडतीस चवथी आरती ऐकली
ती भिंतीच्या अलीकडून.
पलीकडे घुमटं, शामेळ, कांसाळं, घामानं भिजलेले सदरे.
अलीकडे तापलेलं तेल आणि नेवऱ्या.
लय चढायला लागली की
माझं कातणंही भरभर फिरे.
त्या घरातल्या नेवऱ्यांच्या कडा तालात कापलेल्या होत्या,
कुणाच्या दातांना कळलं असेल का?

एकदाच विचारलं होतं, दुसऱ्या वर्षी.
गुणाभावोजी म्हणाले, "वहिनी, हात दुखतील."
मायेनंच म्हणाले.
रागानं म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

मग मामलेदार कचेरीत एकतीस वर्षं टाइप केलं.
एक-चौदाचे उतारे,
दुसऱ्यांची शेतं, दुसऱ्यांची कुळं,
बोटं न बघता चालायची.
निरोपाला त्यांनी समई दिली.
माझ्याकडे चार होत्या.

आता मंगळवारी नि शुक्रवारी, देवळाच्या अग्रशाळेत.
सगळ्यांत धाकटी नऊ वर्षांची. सगळ्यांत मोठी मी.
शिकवणारा साईश चोवीसचा, कानात बाळी,
मला काकी म्हणतो
आणि चुकले की काकी म्हणत नाही.
चामडं बकऱ्याचं. पावसात ढिलं पडतं,
वाजवण्याआधी शेक द्यावा लागतो.
माझ्या गुडघ्यांनाही.

तो म्हणतो, उजवा हात सगळ्यांनाच येतो.
डाव्याकडे बघा.
मागच्या तोंडावर तळवा झाकायचा, उघडायचा,
वारा धरायचा, सोडायचा.
डावा हात!
लेकराचं डोकं धरलंय त्यानं, पदर धरलाय,
कदंबाच्या बसचा दांडा,
उतू जाणाऱ्या दुधावरचं झाकण.
सोड म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
तीन महिने माझं घुमट
भांडं आपटावं तसं वाजलं.
एका शुक्रवारी, पाच-सहा ठोक्यांपुरतं,
आतून कुणीतरी हुंकार दिला.
मग पुन्हा भांडं.

या चवथीला गणपतीसमोर बसले.
पुतण्यानं सरकून जागा दिली,
जरा जास्तच जागा.
दुसऱ्या आरतीत, तिसऱ्या कडव्याशी, चुकले.
सगळ्यांना ऐकू जाईल असं चुकले.
स्वयंपाकघरात झारा थांबला.
आणि आतल्या खोलीतून, खाटेच्या कडेवर,
टक्... टक् टक्...
गुणाभावोजी.
दोन वर्षं त्यांच्या हातात चहाचा कप राहत नाही.
मी त्या टकटकीला धरून वर आले.

नंतर पाया पडायला गेले तर म्हणाले,
"दावो हात मात्सो आदीं सोड."
मी विचारलं, आणि हात दुखतील त्याचं काय?
ते भिंतीकडे बघत राहिले.
कदाचित आठवलं नसेल.
कदाचित आठवलं असेल.

तळवे लाल झाले होते. दुखत होतेच.
सुनेनं नेवऱ्यांचं ताट पुढं केलं,
कडा वाकड्यातिकड्या, एका अंगानं करपलेल्या.
"लक्षच नव्हतं," ती म्हणाली.
मी दोन खाल्ल्या.
तिसरी डाव्या हातात घेऊन
तशीच बसून राहिले.